वारंग सरांची सरासरी

वारंग सर कुणाच्याही घरी गेले, की आधी विहिरीत डोकावायचे आणि मग ओटीवर येऊन बसायचे. लग्न असो, बारसं असो, कुणाकडचं माणूस गेलेलं असो, क्रम तोच. "येवा सर, बसा," म्हटलं की ते म्हणायचे, "बसतंय. आधी बाव बघून येतंय." मग घराला वळसा घालून मागे जायचे, कठड्यावर दोन्ही हात टेकायचे, खाली वाकायचे आणि नुसतं "हं" करायचे. नव्याने लग्न होऊन गावात आलेल्या सुना दचकायच्या, की हा कोण माणूस आणि विहिरीत काय पडलंबिडलं की काय. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात, म्हणून पोरांनी त्यांचं नाव 'बावमास्तर' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

मालवणहून कसालला जाताना मध्येच आत वळलं, की आमचा गाव. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, आणि त्याच्या पायथ्याला आमची खालची वाडी. सड्यावरचा पाऊस दगडात मुरतो आणि सावकाश झिरपत आमच्या विहिरींत उतरतो. सड्याचं पाणी म्हणजेच आमचं पाणी, दुसरं नाही. सर राहायचे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला, पलीकडच्या वाडीत. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाच्या कॉलरला मागून छत्री अडकवलेली, तीही बारा महिने. हायस्कुलात ते गणित शिकवायचे. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा 'तुम्ही गणितवाले' म्हणून तोही तास त्यांच्याच गळ्यात पडला. पुस्तकातलं वाक्य पुस्तकी मराठीत वाचायचं आणि कळण्याजोगं ते मालवणीत सांगायचं, अशी त्यांची रीत होती.

कॉम्प्युटरच्या पुस्तकात एक धडा होता, 'विदा, माहिती आणि ज्ञान यांतील फरक'. पाठ करायचा, परीक्षेत लिहायचा आणि विसरून जायचा, अशा जातीचा. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'साडेचार' लिहिलं आणि विचारलं, "ह्या काय?" कुणी म्हणालं एसटीची वेळ. माझ्या मागे बसणारा बापू परब म्हणाला, "बोर्डाच्या परीक्षेतले माझे मार्क." वर्ग खिदळला. सर शांतपणे म्हणाले, "काय नाय ता. रस्त्यात पडलेलो धोंडो. ह्येका म्हणतत विदा." मग त्याच्यापुढे लिहिलं, 'आमच्या विहिरीत साडेचार हात पाणी आहे.' "आता धोंड्याक नावगाव मिळाला. ही झाली माहिती." आणि खडू ठेवून हात झटकत म्हणाले, "आता नीट ऐका. मे म्हयन्यात साडेचार हात पाणी आसा, तर खुशाल चेडवाचा लगीन काढा, पाव्हण्यांका पुरान उरतला. पण श्रावणात साडेचारच हात आसा, तर देवाक गाऱ्हाणा घाला, कायतरी बिघडला. आकडो तोच. ह्या ज्येका कळता, तेका ज्ञान आसा. बाकीचे नुसते हुशार." मी घरी जाऊन हे सगळं आईला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आई भात वेळत होती. तिने "बरा, बरा" म्हणून मला पाणी भरायला पिटाळलं.

त्या धड्यापासून सरांनी आम्हाला विहिरींच्या मागे लावलं. काथ्याची दोरी, टोकाला दगड, हातहातभर अंतरावर गाठी. प्रत्येकाला दोन-तीन विहिरी वाटून दिलेल्या आणि मोजायचा दिवस अमावास्येचा. तारीख का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "तारीख तुम्ही इसारशात. अमावास्या तुमची आवस तुमका इसराक देवची नाय." आवस म्हणजे आई, आणि खरंच होतं ते. दर अमावास्येला आमच्या वाडीतल्या बायकाच आम्हाला हाका मारायच्या, "अरे, सरांच्या बावी मोजूक जातास मा?" आकडे शाळेच्या कॉम्प्युटरवर सर स्वतः भरायचे. आमची बॅच गेली, पुढची आली, मोजणं चालूच राहिलं.

एकदा बापूने पावसाला कंटाळून घरी बसूनच आकडा ठोकून दिला. सरांनी तो वाचला, बापूकडे पाहिलं, आणि त्या धोधो पावसात त्याला घेऊन बावीवर गेले. छत्री बापूच्या डोक्यावर धरलेली, स्वतः चिंब. येताना त्याला एवढंच म्हणाले, "खोटो आकडो लिवण्यापरास रिकामी जागा सोड. रिकामी जागा कोणाक फसवणा नाय." बापू आज मालवणला बोट चालवतो, पर्यटकांना समुद्रात फिरवून आणतो. भेटला की अजून ते वाक्य सरांच्या आवाजात म्हणून दाखवतो. हल्ली म्हणताना हसत नाही.

आणि ती सरासरी. कॉम्प्युटरवर एक कळ दाबली की ढीगभर आकड्यांची सरासरी निघते, हे कळल्यावर मला कोण आनंद झाला होता. आमच्या वाडीच्या विहिरींचे वर्षभराचे सगळे आकडे मी एकत्र केले, कळ दाबली आणि उत्तर नाचवत सरांकडे गेले. सर हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. "अगो बाय माझे, पावसात बाव तोंडापर्यंत भरता, मे म्हयन्यात तळ दिसता. तुझी सरासरी म्हणता, बारा म्हयने अर्धी भरलेली! मगे मे म्हयन्यात आवशीक सांग, सरासरीतला पाणी भर आणि सरासरीतली च्याय ठेव." नंतर गंभीर होऊन म्हणाले, "शुभा, माणसाक फसवचा आसात तर खोटा बोलाची गरज नाय. सरासरी काढूची." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

बारावीनंतर बाबांनी माझं शिक्षण थांबवलं होतं. "चेडू शिकान खंय कलेक्टर होतला?" असा त्यांचा सवाल. सर एका संध्याकाळी आले, नेहमीप्रमाणे आधी मागे जाऊन आले, मग ओटीवर बसून आईच्या हातचे घावणे खाल्ले आणि बाबांना म्हणाले, "बाबल्या, तुझा चेडू खंयचोय आकडो दिसलो काय 'हो खंयसून इलो?' म्हणान इचारता. अशा चेडवाक घरात ठेवशीत तर तुझ्या बाजारहाटाच्या हिशोबात पण चुको काढीत." बाबा हसले आणि मी कुडाळला कॉलेजात गेले. आज कसालला मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते, चार माणसं 'मॅडम' म्हणतात, ते त्या संध्याकाळमुळे. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

सड्याच्या एका टोकाला हातांनी चिरे काढणाऱ्या लहान खाणी पूर्वीपासून होत्या. त्यांच्या खालच्या विहिरी मार्च सरता सरता तळाला जातात, हे आमच्याच दोरीने आम्हाला दाखवलं होतं. मग एक बाहेरची कंपनी आली आणि तिने अख्खा सडा मागितला, मशिनने चिरे काढायला. त्यावर सरकारी सुनावणी ठेवली होती. गावाचं म्हणणं ऐकून घेणार आणि मग परवानगी द्यायची की नाही ते ठरवणार. गाव देवळात जमला. आता, आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकच माणूस बोलतो. तो गावाचं दुखणं एकेक करून देवाला सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. सगळे एकदम बोलायला लागले तर देवाला काय कळणार? सुनावणीतही तसंच करायचं ठरलं. गावातर्फे वारंग सर बोलतील, दुसऱ्या कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. सर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. आई घरी येऊन म्हणाली, "सर आसत मा. मगे आमी कित्याक बोलाचा?"

सुनावणी शाळेच्याच सभागृहात झाली. मी कुडाळच्या कॉलेजातून सुट्टी काढून आले होते. पुढे टेबलामागे अधिकारी, बाजूला कंपनीची माणसं, आणि खुर्च्यांवर झाडून सगळा गाव. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे राहिले. खिशातून कागद काढला. मालवणीत बोलतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पुस्तकी मराठीत वाचायला सुरुवात केली. "गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या साहाय्याने केलेल्या नियमित नोंदींनुसार, गावातील विहिरींची वार्षिक सरासरी पातळी समाधानकारक आहे. सध्याच्या चिरेखाणींलगतच्या विहिरींच्या वार्षिक सरासरीतही लक्षणीय फरक आढळून आलेला नाही." कागदाची घडी घातली आणि खाली बसले. संपलं.

मला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक होतेय. वार्षिक सरासरी! वारंग सरांच्या तोंडून! आणि मी अजून त्यातून सावरते आहे तोच मागच्या रांगेतून म्हाताऱ्या तात्या राण्यांनी सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग सगळ्या सभागृहाने ते उचललं. सरांनी पुस्तकी भाषेत काहीतरी भारी सांगितलं, आपलंच गाऱ्हाणं घातलं, असंच सगळ्यांना वाटलं. माझ्या आईनेही मनापासून म्हटलं, "व्हय म्हाराजा." अधिकारी खूश झाले. त्यांच्या माणसाने ते लिहून घेतलं.

मी उठले. म्हटलं, साहेब, ही सरासरी आहे, आमच्या विहिरी पावसात भरतात म्हणून ती चांगली दिसते, तुम्ही फक्त एप्रिल-मेचे आकडे बघा. साहेबांनी सौम्यपणे विचारलं, "तुमच्याकडे ते आकडे आहेत का?" मी म्हटलं, "सरांकडे आहेत." ते म्हणाले, "मग ते सरांनी आत्ता सांगितलेच की." गावातली माणसं माझ्याकडे वळून बघत होती, सरांसमोर तोंड चालवते म्हणून. तात्या राणे म्हणालेसुद्धा, "बस गो चेडवा, सरांपेक्षा तुका जास्त कळता?" मी तरी बोलत राहिले. सरांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांची मान तेवढी दिसत होती मला आणि कॉलरमधली छत्री.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. अंगणात दोन नवे कोरे डंपर उभे होते, काचेवर झेंडूचे हार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. सरांचा मुलगा संदेश मुंबईची नोकरी गेल्यावर परत आला होता, ते ठाऊक होतं. डंपर खाणीवर लागणार होते, ते कुणी सांगायची गरज नव्हती. सर पडवीत बसले होते. मला बघून आत बायकोला, आमच्या काकूंना, हाक मारली, "गो, शुभा इली, च्याय ठेव."

मी म्हटलं, "सर, तुम्ही असं का केलंत?"

"मी एक अक्षर खोटा बोलाक नाय," ते म्हणाले. "कागद तपास."

"तेच तर म्हणतेय मी."

त्यांनी अंगणातल्या डंपरांकडे हात केला. मग म्हणाले, "संदेश परत इलो तेव्हा सहा म्हयने कोणाशी बोलाक नाय. जेवण ताटात तसाच. डंपर इले तेव्हा पयल्यांदा हसलो. सडो मी नाय म्हटला तरी जातलोच होतो, शुभा. आज नाय तर उद्या. मगे माझ्या झिलान काय करूचा?"

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित माझा राग निम्मा झाला असता. पोटच्या पोरासाठी माणूस काय काय करतो. पण ते माझ्याकडे वळले, आणि चेहऱ्यावर तेच हसू, फळ्याजवळचं. म्हणाले, "सगळ्या गावात तू एकट्यान वळाकलंस. माझा शिकवलेला फुकट जावक नाय."

अंगाची नुसती आग झाली. आमचं पाणी विकून वर माझी पाठ थोपटत होते. माझ्या शहाणपणाचं श्रेय घेत होते, आणि त्यात त्यांना काहीच वावगं वाटत नव्हतं. काकू चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी पायरी उतरत होते. त्यांनी हाक मारली, मी वळले नाही. बाबा असते तर म्हणाले असते, मोठ्या माणसाशी असं वागू नये. बाबा नव्हते तेव्हा.

सडा गेला. मशिनं दिवसभर चिरे कापतात, लाल धूळ आमच्या आंब्यांवर बसते. आमच्या वाडीच्या विहिरी आता मार्चमध्येच कोरड्या पडतात आणि मग टँकर. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. सरांची बाव मात्र व्हाळाजवळ असल्यामुळे अजून भरलेली असते. देव इथल्या इथे न्याय करतो म्हणतात, तो मी काही पाहिलेला नाही. ते जुने आकडे मी शाळेत पुष्कळदा मागितले. शाळेचे जुने कॉम्प्युटर भंगारात गेले, एवढंच उत्तर मिळालं. कसालला वर्गात तो धडा आला की मी फळ्यावर अजूनही 'साडेचार'च लिहिते. त्याहून चांगला दुसरा दाखला मला सुचलेला नाही, आणि याचाही मला राग येतो.

यंदा एप्रिलमध्ये सर गेले. झोपेतच गेले. शाळेत शोकसभा ठेवली आणि 'त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी' म्हणून मला बोलायला सांगितलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी उभी राहिले आणि सरांचा जन्म कुठे झाला, शिक्षण कुठे झालं, शाळेत कधी लागले, कोणते विषय शिकवले, कधी निवृत्त झाले, मागे कोण कोण आहे, एवढं सांगितलं आणि बसले. विहिरींचं नाव काढलं नाही. लोकांनी डोळे पुसले. "छान बोललंस," म्हणाले.

काकूंनी मला हाताला धरून बाजूला नेलं. "शुभा, तू सांगलंस ता सगळा खरा. पण त्यात ते खंय होते गो?" मी गाडीची किल्ली काढली. काकू म्हणाल्या, "सकाळी तुझ्या गाडीचो आवाज इलो काय ते उठान खिडकीत जायत. 'शुभा गेली,' म्हणत आणि मगे येवन च्याय पियत. रोज." मी त्यांच्याच घरावरून कसालला जाते. इतक्या वर्षांत एकदाही तिकडे बघितलं नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण रडू आलं म्हणून राग गेला, असं झालं नाही. काकूंना "येतंय" म्हटलं आणि गाडी काढली.

घरी पोचले तर टँकर येऊन गेला होता. आईच्या गुडघ्यांना आता भरलेली कळशी झेपत नाही, आणि शेजारीपाजारी सगळे सभेला आले होते. ती ओटीवर बसली होती, बाजूला रिकामे हंडे. म्हणाली, "बरी झाली सभा?" मी हो म्हटलं. मग कोरड्या बावीच्या दिशेने बघत ती म्हणाली, "देवमाणूस गेलो गो. आज सर आसते, तर ह्या पाण्याचा कायतरी केला आसता तेंनी."

मी तिला सुनावणीत काय झालं ते आजवर कितीदा समजावून सांगितलं आहे. ती ऐकून घेते, मान हलवते, आणि म्हणते, तेंचोय कायतरी इचार आसतलो. त्या दिवशी मी रिकामे हंडे उचलले. संध्याकाळच्या भातापुरतंही घरात पाणी नव्हतं आणि आसपास पाणी असलेली बाव एकच होती. हंडे गाडीला बांधले आणि आले होते त्याच रस्त्याने परत फिरले. काकू दारातच उभ्या होत्या. कशाला आलीस, असं त्यांनी विचारलं नाही. आत गेल्या आणि पंपाचं बटण दाबलं.